कराटेचा उन्सू पाठ आहे, पण अर्थ विचारला की गप्प बसते. वरच्या कातांचा अभ्यास करायचा तरी कसा?

शहापूरची_मुलगी

नमस्कार. मी बेळगावातल्या शहापूरची. चौथीत असताना शाळेच्या पटांगणात कराटेच्या क्लासला घातलं, आता वय २७. स्टाईल शोतोकान. १७ व्या वर्षी ब्लॅक बेल्ट मिळाला, २२ व्या वर्षी निदान, म्हणजे ब्लॅक बेल्टची दुसरी पायरी, आणि येत्या हिवाळ्यात सान्दानच्या, म्हणजे तिसऱ्या पायरीच्या, ग्रेडिंगला बसायचंय. घरात माग आहेत, वडील आणि भाऊ साड्या विणतात. सकाळी मागांचा खडखडाट सुरू व्हायच्या आत गच्चीवर माझा सराव उरकते.

दोन वर्षांपूर्वी स्पर्धेसाठी उन्सू हा वरचा काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, बसवला. तीन महिने नुसती ती गोल उडी केली: हवेत पूर्ण फिरायचं, पायानं हाताच्या तळव्यावर टिपायचं, मागं लाथ टाकायची आणि हात टेकून जमिनीलगत उतरायचं. गुडघे सुजायचे, आई रात्री शेक द्यायची. उडी बसली, पदकंही मिळाली.

गेल्या महिन्यात एका शिबिरात बाहेरून एक ज्येष्ठ परीक्षक आले होते. त्यांनी मला मधे उभं करून उन्सू करायला सांगितला. झाल्यावर म्हणाले, छान. मग विचारलं, "उडी मारून तू खाली उतरतेस, तेव्हा समोरचा माणूस कुठं असतो?" मी म्हटलं, सर, त्यानं काठी फिरवली की मी चुकवते. ते म्हणाले, "काठी चुकवायला पाठ कशाला फिरवतेस?" मला पुढं बोलताच आलं नाही. ते रागावले नाहीत, पुढच्या मुलाकडं वळले. मला मात्र तेव्हापासून तेच दिसतंय.

घरी येऊन पहिल्या कातापासून आठवत गेले. हेइआन शोदान: खाली मार अडवला, पुढं जाऊन पंच. तेक्की: शेजारून कुणी आला. कान्कू दाई: आकाशाकडं बघणं. एवढंच. १८ वर्षं करतेय आणि सांगण्यासारखं एवढंच. व्हिडिओ बघायला बसले तर एकाच हालचालीचे आठ अर्थ. एक जण म्हणतो गळा धरलाय, दुसरा म्हणतो केस धरलेत, तिसरा म्हणतो समोरच्याच्या हातात तलवार आहे.

मला १९ काता पाठ आहेत. त्यांचा ठरलेला अर्थ आहे की आपण लावायचा? आणि घरी एकटीनं सराव करणाऱ्या माणसानं तो शोधायचा कसा? ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर लिहावं, ही मनापासून विनंती.

---

मैदान_टिळकवाडी

ताई, मी स्पर्धेसाठी मुलं तयार करतो, त्यामुळं माझ्या बाजूनं सांगतो. स्पर्धेचा काता हा स्वतंत्र अभ्यास आहे, त्यात वेळ वाया गेला असं मनात आणू नका. पंच बघतात ते उभं राहणं, तंत्र, एका हालचालीतून दुसरीत जाणं, वेळ साधणं, श्वास, एकाग्रता, ताकद, वेग, तोल. एकट्याच्या कातात "याचा उपयोग काय" असं कुणी विचारत नाही. तिघांच्या संघाला मात्र पदकाच्या लढतीत काता संपल्यावर बुंकाई, म्हणजे त्या हालचालींचा जोडीदारावरचा उपयोग, करून दाखवावी लागते.

टोकियो ऑलिंपिक २०२१ मध्ये झालं तेव्हा काताचे सामने निप्पोन बुदोकानमध्ये होते. ओकिनावाच्या रियो कियुनानं अंतिम फेरीत ओहान दाई हा काता केला, स्पेनच्या सान्द्रा सांचेझनं ३९ व्या वर्षी सुवर्ण घेतलं. त्या दोघांची नजर बघा. समोर कुणी नाही, तरी डोळे एका माणसावर ठरलेले असतात. मी मुलांना तेवढंच सांगतो: नजर माणसावर ठेव. अर्थाचं पूर्ण कोडं सुटेपर्यंत ग्रेडिंग अडवून ठेवू नका. आधी सान्दान होऊ दे.

---

उद्यमबागचा_पॅटर्नवाला

ताई, तुमचं लिहिणं रात्री वाचलं आणि पहाटे चारला जाग आली ती हेच डोक्यात घेऊन. बाहेर पाऊस धरून आहे, व्हरांड्यात पाणी आलं असणार, त्यामुळं आज वर्ग नाही. निवांत लिहितो.

माझं वय ५६. उद्यमबागेत फौंड्रीवाल्यांना पॅटर्न करून देतो, ३१ वर्षं झाली. कराटे १९८६ पासून, शोतोकानच. अनगोळात एका शाळेच्या व्हरांड्यात पहाटे पावणेसहाला १४ मुलंमुली येतात, त्यांना शिकवतो. फी घेत नाही.

आधी मी कुठं अडकलो होतो ते सांगतो. बास्साई दाईचा अर्थ आम्हाला "किल्ला फोडणं" असा सांगितला होता. बेळगावच्या पोराला किल्ला म्हटलं की खंदक आणि दगडी तट डोळ्यापुढं येतो. पाच वर्षं मी तो काता तटावर धडका मारल्यासारखा केला. पाय आपटायचे, आवाज मोठा. लोक टाळ्या वाजवायचे.

१९९४ च्या मे महिन्यात माझा मावसभाऊ सुट्टीला आला होता. तो तालमीतला, तांबड्या मातीत वाढलेला, आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या केलेला. परड्यात माझा काता बघून म्हणाला, "झक्कास हाय. आता मी हात धरतो, सोडव की." त्यानं मनगट धरलं. मी शुतो, म्हणजे हाताच्या कडेचा फटका, मारायला गेलो, हात हललाच नाही. वर उचलायला गेलो तर तो आणखी आत आला. "काय करूलालास?" म्हणाला. टिंगल नव्हती त्यात, त्याला खरंच कळत नव्हतं. आठ वर्षांचा सराव आणि साधं मनगट सुटेना. मला घाम फुटला.

बास्साई दाईत तीन शुतो पुढं जातात, चौथा मागं सरकून. त्याच्यानंतर हात वळसा घेतो, दोन्ही हात कमरेकडं ओढले जातात आणि उजवा पाय समोर खाली आडवा जातो. तुम्हाला ती जागा आठवेल. आम्हाला ती "बाजूची लाथ" म्हणून शिकवली होती आणि सगळं लक्ष लाथेवर. त्या दिवशी वैतागून माझ्या अंगानं तेच केलं. वळसा त्याच्या मनगटावरून गेला, दोन्ही हातांनी ओढलं, त्याचा कोपर सरळ झाला, कंबर मागं गेली आणि पाय त्याच्या गुडघ्याला बाजूनं नुसता टेकला. तो खाली बसला. उठून माती झाडत त्यानं विचारलं, "हे कुणी शिकवलं तुला?" कुणीच शिकवलं नव्हतं. पाच वर्षं रोज करत होतो.

पण एक गोष्ट खटकत राहिली. कातात तो वळसा डोक्याच्या उंचीवरून कमरेपर्यंत येतो. मावसभावावर जो चालला तो जेमतेम दोन वितींचा होता. मग आपण शिकलो ते चूक, की त्याच्यावर झालं ते अपघातानं?

त्याच वर्षी मी पॅटर्न शॉपला लागलो आणि उत्तर तिथं सापडलं. पॅटर्न म्हणजे कास्टिंगचा लाकडी नमुना. तो वाळूत दाबून ठोकायचा, अलगद काढून घ्यायचा आणि राहिलेल्या पोकळीत पातळ बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं. बीड निवताना आकसतं, मीटरला साधारण १० मिलिमीटर. म्हणून एक मीटरचा पार्ट हवा असेल तर पॅटर्न १०१० मिलिमीटरचा करायचा. मशिनिंगला जिथं घासायचं तिथं आणखी जाडी ठेवायची. उभ्या बाजूंना किंचित उतार द्यायचा, नाहीतर काढताना वाळू ढासळते. नवा पोरगा ड्रॉइंग आणि पॅटर्न शेजारी ठेवून मोजतो आणि म्हणतो, "मामा, हा चुकलाय." चुकलेला नसतो. आकसायचं, घासायचं, सुटायचं माप आधीच धरलेलं असतं.

काताच्या हालचाली मोठ्या आहेत त्या यासाठी. माणूस अंगावर आला, भीती वाटली, जागा कमी पडली की प्रत्येक हालचाल आकसते. मोठी करून ठेवली असेल तर आकसून नेमकी होते. आधीच छोटी करून ठेवली तर काही उरत नाही. म्हणून मी मुलांना काता छोटा करू देत नाही, आणि जोडीदारावर करताना मोठा करू देत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. पॅटर्नवर काही ठिकाणी लाकडाची गाठ बाहेर काढलेली असते, तिला कोअर प्रिंट म्हणतात. ती वाळूत खाच पाडते, त्या खाचेत कोअर, म्हणजे वाळूचा वेगळा ठोकळा, बसतो आणि ओतल्यावर तिथं भोक पडतं. लाकडावर उंचवटा, लोखंडात पोकळी. ज्याला माहीत नाही तो ती गाठ पार्टवर शोधत बसेल. कातात असंच उलटं लिहिलेलं पुष्कळ आहे. सगळ्यात मोठं उदाहरण हिकिते. पंच मारताना दुसरी मूठ कमरेला ओढायची, ती रिकामी दिसते. आम्हाला सांगितलं होतं की त्यानं पंचाला जोर येतो. माणूस समोर उभा करा, त्या मुठीत त्याचं मनगट येतं, बाही येते. रिकामी दिसणारी मूठच भरलेली असते. तुमच्या १९ कातांत जिथं जिथं हात कमरेला जातो तिथं "मी काय धरलंय?" असं विचारून बघा, निम्मं काम तिथं होईल.

जपानीत काता लिहायला दोन चिन्हं आहेत. एकाचा अर्थ आकार. दुसऱ्याचा अर्थ साचा, आणि त्याच्या तळाशी मातीचं चिन्ह आहे. हे वाचलं त्या दिवशी मी हातातला रंधा खाली ठेवला आणि थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

आता तुमच्या प्रश्नाकडं. ठरलेला अर्थ आहे का? कराटेचे जुने गुरू इतोसु आन्को यांनी १९०५ च्या सुमारास ओकिनावाच्या शाळांसाठी पिनान हे काता बसवले. शोतोकानच्या फुनाकोशींनी पुढं त्यांनाच हेइआन म्हटलं. त्यातलं बरंच कुशान्कूतून, म्हणजे आपल्या कान्कू दाईतून आलेलं आहे. रांगेत उभ्या केलेल्या पोरांना हात कुठून कुठं न्यायचा एवढंच सांगता येतं, गळ्याचं आणि कोपराचं सांगता येत नाही. तुम्ही चौथीत पटांगणात शिकलात, मीही रांगेतच शिकलो. आपल्याकडं आलं ते त्या रांगेतून, म्हणून रिकामं वाटतं. पण याच इतोसुंनी १९०८ च्या पत्रात लिहून ठेवलंय की प्रत्येक हात कशासाठी आणि कोणत्या वेळी हे समजून घेऊन सराव करा, आत शिरण्याच्या, सोडवण्याच्या, हात धरण्याच्या रीती आहेत आणि त्यातलं पुष्कळ तोंडी चालत आलंय. धरणं आणि सोडवणं! कराटे म्हणजे लांबून ठोसे, असं ज्याला वाटतं त्यानं हे लक्षात घ्यावं.

दिशांचंही तसंच. शितो-र्यू शैलीचे माबुनी केन्वा यांनी १९३८ च्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की काता आठ दिशांना जातो म्हणून तो आठ शत्रूंसाठी आहे, ही समजूत खुळी आहे. माणूस एकच असतो आणि तो समोर असतो. काता डावीकडं वळतो याचा अर्थ तुम्ही त्याच्या समोरून हटून बाजूला उभे राहिलात. कुस्तीत पैलवान समोरून भिडतो आणि बगलेतून मागं जातो, तेव्हा तिथं दुसरा पैलवान आला असं कुणी म्हणत नाही. तेक्की शोदान एका रेषेत आडवा चालतो, तो भिंतीला पाठ लावून लढायचा काता म्हणून मीही शिकवला होता. आता तसं शिकवत नाही. आडवी रेषा आहे कारण समोरचा तुमच्या अंगाला चिकटलेला आहे आणि तुम्ही त्याच्यासकट सरकताय.

तुमच्या उन्सूचं माझं मत असं. उडी ही शरीराची परीक्षा आहे, तरुणपणी द्यावी. अर्थ वळण्यात आहे. हात धरून ठेवलेला आहे, तुम्ही पूर्ण फिरता आणि वजनासकट खाली जाता, तर जो तुमच्या हाताला बांधलेला आहे तो कुठं जाईल? पाय जमिनीवर ठेवून, उडी न मारता, अगदी सावकाश भावाचा हात धरून फिरून बघा. परीक्षकांनी विचारलं ना, समोरचा कुठं आहे? तुमच्या हातात आहे, आणि तुमच्या आधी जमिनीवर पोचतोय. त्याच कातात आधी तुम्ही जमिनीवर आडवं होऊन दोन्ही बाजूंना लाथ मारता, ती जागा तर सरळ आहे. कुणी तुम्हाला पाडलंय.

सराव कसा? मी काय करतो ते लिहितो. १९ काता बाजूला ठेवा. जुनी म्हण आहे, हितो काता सान्नेन, एक काता तीन वर्षं. तुम्ही कान्कू दाई घ्या, कारण तुमचे हेइआन त्यात आहेत, हात आधीच तयार आहेत. एक हालचाल, एक आठवडा. भावाला मनगट धरायला सांगा. आधी समोरच्या हातानं, मग तिरका हात, मग दोन्ही हातांनी, मग कॉलर, मग मागून. प्रत्येक वेळी तीच हालचाल करा आणि काय होतं बघा. बहुतेक वेळा काहीच होणार नाही. एखाद्या धरण्याला अचानक सगळं सैल पडेल. ते वहीत लिहा, तारीख घालून. माझ्या अशा सात वह्या झाल्यात, पहिल्या दोनमधलं बरंचसं आता खोडलंय.

खोडायचं कधी, तेही सांगतो. समोरचा फोटोतल्यासारखा थिजून उभा राहिला तरच चालत असेल तर खोडा. त्याच्या एका हालचालीत तुम्हाला तीन कराव्या लागत असतील तर खोडा. हवेतून येणारा ठोसा पकडावा लागत असेल तर लगेच खोडा. आणि जे जमलं ते काताच्या पुढच्या पावलाशी जुळत नसेल तर खोडू नका, पण शेजारी प्रश्नचिन्ह घाला. बास्साईच्या सुरुवातीच्या उडीशेजारी माझं प्रश्नचिन्ह अकरा वर्षं होतं.

कोपर आणि मान यावर सगळं सावकाश. समोरच्यानं दोनदा थापटलं की त्याच क्षणी सोडायचं. गुडघ्यावर पाय फक्त ठेवायचा, दाबायचा नाही. हे मी मोठ्यानं ओरडून सांगतोय असं समजा. १९९९ मध्ये माझ्या हातून एका चांगल्या मुलाचा कोपर दुखावला, माझी घाई झाली म्हणून. त्यानं तक्रार केली नाही, पण पुढं तो वर्गाला आला नाही. आजही बाजारात दिसला की मी थांबून त्याच्या हाताची चौकशी करतो.

टिळकवाडीच्या सरांचं म्हणणं बरोबर आहे, नजर माणसावर पाहिजे. फक्त एकदा माणूस खरोखर धरून बघितला की नजर लावावी लागत नाही, ती आपण होऊन जाते.

---

निपाणीचा_गोजू

पॅटर्नवाल्या सरांचं वाचून आनंद झाला. मी गोजू-र्यू शैलीचा. आमचे सर आम्हाला तंबाखूच्या वखारीमागच्या अंगणात शिकवायचे, तो वास अजून सान्चिन करताना नाकात येतो.

एका ठिकाणी माझं मत वेगळं आहे. प्रत्येक काता साचा नसतो. आमचा सान्चिन घ्या. तीन पावलं पुढं, वळायचं, श्वास, सावकाश हात. त्यात "समोरचा कुठं आहे" विचारलं तर उत्तर नाही, कारण तिथं काम स्वतःच्या अंगावर चाललेलं असतं. सर पाठीमागून येऊन खांद्यावर, बरगडीवर, मांडीवर थापट मारून बघायचे, कुठं पोकळ आहे का. त्याला आम्ही शिमे म्हणतो. चार वर्षं मी तेवढंच केलं आणि बुंकाईचं नावही कुणी काढलं नाही. नंतर सेइयुन्चिन हा काता शिकताना जोडीदाराला ओढलं तर तो सहज आला. ओढायची युक्ती सेइयुन्चिनची, पण ओढणारं अंग सान्चिननं केलेलं. म्हणून ताईंना सांगेन की उलगडण्याच्या नादात एकटीचा सराव कमी करू नका.

आमचा शेवटचा काता सुपारिन्पेई, म्हणजे १०८. आमच्याच सेपाई काताचा अर्थ १८, सान्सेरूचा ३६, आणि ३६ च्या तिप्पट १०८. आमची आई वारकरी, तिच्या तुळशीच्या माळेत १०८ मणी. मी तिला एकदा हा आकडा सांगितला तर म्हणाली, "मग मोजत जाऊ नको. मेरुमणी आला की बोटाला कळतं." तेव्हापासून मी तो काता करताना हालचाली मोजत नाही. ५० वर्षांचा झालो, उडी असलेला काता आता माझ्यानं होत नाही, पण सुपारिन्पेई दर वर्षी नवा वाटतो. ज्याला वरचा काता म्हणतात तो वर आहे तो याच अर्थानं, असं मला वाटतं. अवघडपणाचा त्याच्याशी फार संबंध नाही.

---

उद्यमबागचा_पॅटर्नवाला

निपाणीकर, तुमचं म्हणणं मान्य. आमच्याकडं सागवान आणलं की लगेच पॅटर्नला घेत नाहीत, वाळवून घेतात. ओल्या लाकडाचं माप कितीही अचूक काढलं तरी महिन्याभरात ते पिळवटतं. सान्चिन म्हणजे ते वाळवणं. आम्हा शोतोकानवाल्यांकडं त्याच्या जवळचा हान्गेत्सु आहे, पण आम्ही तो फार लवकर उरकतो. हे माझंही चुकलंय, उद्यापासून मुलांना परत देतो.

---

शहापूरची_मुलगी

सगळ्यांचे आभार. लगेच लिहिलं नाही कारण आधी करून बघायचं होतं. आज २३ दिवस झाले.

कान्कू दाईच्या आधी भावाला घेऊन हेइआन शोदान केला. त्यात वळून खाली अडवल्यावर हात मागं ओढून वरून मूठ मारायची जागा आहे. भावानं मनगट घट्ट धरलं, विणकराचा हात आहे, सोडत नाही. मी नुसता हात ओढला तेव्हा काही झालं नाही. कातात पाय आधी मागं येतो हे आठवलं, पाय घेतला आणि हात सुटला. भाऊ म्हणाला, परत कर. आम्ही ३० वेळा केलं. मागांची वेळ झाली तरी वडील खाली गेले नाहीत, जिन्यात उभे राहून बघत होते. मग पुढं येऊन म्हणाले, आता माझा हात सोडव. वडिलांनी माझा सराव इतक्या वर्षांत पहिल्यांदा थांबून बघितला.

उन्सूचं वळणही करून बघितलं, उडीशिवाय. भावाचा हात माझ्या हातात राहिला आणि तो गच्चीवर बसला, अगदी सावकाश. मला रडू आलं. त्या परीक्षकांना कळवायचंय.

आता जिथं अडले ते. कान्कू दाईची सुरुवात: दोन्ही हातांचा त्रिकोण वर जातो, मधून बघायचं, हात दोन बाजूंनी गोल खाली येतात आणि उजव्या हाताची कड डाव्या तळव्यावर बसते. भावानं पुढून दोन्ही मनगटं धरली तर वर नेताना हात अडकतात, कॉलर धरली तर हात त्याच्या हातांच्या मधून वर जातात पण बाहेर काढताना ताकद लागते आणि तो माझ्यापेक्षा जड आहे. इथं काय चुकतंय? की हे खोडायचं?

---

उद्यमबागचा_पॅटर्नवाला

खोडू नका. कॉलरचं धरणं बरोबर आहे, तुम्ही हात उघडायची घाई करताय. वर जाताना कोपर त्याच्या कोपरांच्या आत घाला आणि वर बघा. हनुवटी वर गेली की पाठ सरळ होते आणि त्याचे खांदे आपोआप उचलले जातात. आकाश बघायचं ते त्यासाठी, असं मी माझ्यापुरतं धरलंय. तो टाचेवर आला की मग गोल. बाहेर ढकलू नका, त्याच्या दंडावरून हात खाली घसरू द्या. कड आणि तळवा मिळतात तिथं मधे त्याचं मनगट सापडलं पाहिजे. पहिल्या दिवशी सापडत नाही.

तो जड आहे ते चांगलंच आहे. हलका जोडीदार खोटं बोलतो.

रविवारी पाऊस उघडला तर भावाला घेऊन अनगोळला या, पावणेसहाला. तुमच्या वडिलांनाही आणा, त्यांचा हात मला धरून बघायचाय. भावाला पूर्ण बाहीचा जुना जाड शर्ट घालायला सांगा, फाटला तरी चालेल असा.